आमचा खाडा कुणाच्या वहीत?



सरकारजवळ एक वही असते. शिमल्याला लेबर ब्यूरो नावाचं केंद्र सरकारचं दफ्तर आहे, तिथं ती भरली जाते. कोणत्या राज्यात किती संप झाले, किती टाळेबंद्या झाल्या, किती कामगार त्यात होते आणि त्यापायी किती ‘मनुष्यदिन वाया गेले’, ते तीत लिहितात. एक कामगार एक दिवस कामावर नाही, म्हणजे एक मनुष्यदिन. हजार कामगार दहा दिवस बाहेर, म्हणजे दहा हजार. चौथीतल्या पोराला जमेल असा गुणाकार.

ह्या वहीवरून मग शहाणे लोक भाषणं ठोकतात. मुंबईचे कामगार माजले होते. बंगाल लाल बावट्यानं बुडवला. केरळात कारखाना काढणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा. आणि मराठवाडा? मराठवाडा शांत. वाळूजला या, शेंद्र्याला या, बिडकीनला या. जमीन आहे, रस्ता आहे आणि कामगार शांत आहे. बैलबाजारात दलाल सांगतो ना, ‘मारका नाही मालक, लेकरानं कासरा धरला तरी चालतो,’ तशातली ही तारीफ. आणि आपलेच काही शिकलेले भाऊ ही तारीफ ऐकून मान डोलावतात. आपल्या भागाचं नाव निघालं ना!

मला ह्या शांततेबद्दल बोलायचं आहे. ती शांतता कुणाची आहे, आणि तिची किंमत कोण मोजतं.

पहिली गोष्ट, ‘वाया’ हा शब्द. कुणाचा दिवस वाया गेला? कामगार संपावर बसला तर मालकाचा माल निघत नाही, म्हणून मालकाच्या बाजूनं तो दिवस वाया. कामगाराच्या बाजूनं बघाल तर आयुष्यात तेवढाच एक दिवस त्यानं स्वतःसाठी वापरला. बाकीचे सगळे दिवस मालकाच्या घशात. वहीचं नावच मालकाच्या ओट्यावर बसून ठेवलेलं आहे. आणि गंमत बघा, मालकानं स्वतः गेटला कुलूप ठोकलं, टाळेबंदी केली, तरी ते दिवस त्याच वहीत, ‘औद्योगिक विवादामुळे वाया’ ह्याच मथळ्याखाली. १९९० च्या दशकात तर देशभरात वर्षामागून वर्ष संपात गेलेल्या दिवसांपेक्षा टाळेबंदीत गेलेले दिवस जास्त होते. कुलूप मालकाचं आणि बदनामी बावट्याची. बंगालचा आकडा फुगला त्यात टाळेबंदीचा वाटा केवढा मोठा, हे भाषण ठोकणारा कधी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, ह्या वहीत काय लिहीत नाहीत.

वहीचे नियम आहेत. काम बंद पडलं त्यात दहा किंवा त्याहून जास्त कामगार गुंतलेले पाहिजेत, तरच नोंद. नऊ असले तर तो तंटा सरकारच्या लेखी झालाच नाही. राजकीय कारणानं काम बंद ठेवलं तर नोंद नाही. दुसऱ्या कामगारांच्या सहानुभूतीत बंद ठेवलं तर नोंद नाही. माहिती कुणी पाठवली तर आली, नाही पाठवली तर नाही आली. विलायतेतही दहाचाच नियम आहे आणि राजकीय संप तिथंही वगळतात. तिथं १९८४ साली कोळसा खाणवाल्यांच्या संपानं वर्षाचा आकडा २ कोटी ७१ लाख दिवसांवर गेला आणि यॉर्कशायर, वेल्स, स्कॉटलंड हे खाणींचे भाग एकदम ‘भांडखोर’ ठरले. खाणी जिथं, तिथं संप. जिथं माणसं हजारोंनी एका फाटकातून आत जातात, तिथं ती एकत्र बाहेरही येऊ शकतात. त्याला भांडखोरपणा म्हणायचं की ताकद, हे तुम्ही कोणत्या ओट्यावर बसता त्यावर.

आता ह्याच चाळणीतून आपली माणसं चाळून बघा.

पीर बाजारच्या नाक्यावर सकाळी सातला उभं राहा. शहागंजला उभं राहा. पाटी, फावडं, थापी घेऊन बायाबापड्या उभ्या असतात. मुकादम येतो, हात दाबून बघितल्यासारखा नजरेनं तोलतो, चौघांना घेऊन जातो. दहाच्या पुढं ऊन चढतं, उरलेले डबा तसाच घेऊन घरी येतात. ह्यांचा दिवस गेला की नाही? गेला. वाया गेला की नाही? ह्याच्याइतका वाया दुसरा कोणता जाणार! पण त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. तंटा झालाच नाही ना. तंटा व्हायला आधी मालक पाहिजे, आणि ह्यांना रोज सकाळी मालकच शोधावा लागतो.

ठेकेदाराकडं झाडूकाम करणाऱ्या बाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. एकटी आहे, दहा भरत नाहीत. तिचा दिवसच काय, पुढचे सगळे दिवस गेले. नोंद नाही.

३ जानेवारी २०१८. भीमा कोरेगावला १ तारखेला आपल्या लोकांवर दगड पडले, त्याच्या निषेधाचा महाराष्ट्र बंद. गावोगाव आपली माणसं त्या दिवशी कामावर गेली नाहीत, रोज बुडवून रस्त्यावर बसली. किती मनुष्यदिन? राजकीय कारण, म्हणून वहीबाहेर. म्हणजे बोनससाठी काम थांबवलं तर तो कामगार, आणि अब्रूसाठी, जिवासाठी थांबवलं तर तो कामगार नाही! आपल्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम-बंद ज्या कारणासाठी होतं, तेच कारण वहीला मान्य नाही.

आणि ८ मे २०२०? टाळेबंदी झाली, पण ती सरकारची. जालन्याच्या लोखंडी कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशातले, बहुतेक आदिवासी, रुळांवरून पायी गावाकडं निघाले. काम नाही, खायला नाही, गाडी नाही. करमाडजवळ रुळावरच टेकले, डोळा लागला. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. रुळावर भाकऱ्या पडल्या होत्या, ते फोटो सगळ्या देशानं बघितले. त्यांचे दिवस कुणी मोजले? विवाद नव्हता, संप नव्हता, कोणी घोषणाही दिली नव्हती. सरकारी हिशेबात तो सगळा काळ औद्योगिक शांततेचा.

ही ती शांतता, जिची जाहिरात करतात.

मी असं म्हणत नाही की इथं संप झालेच नाहीत. चिकलठाण्याला झाले, वाळूजला झाले, पोरांनी गेटवर थंडी-ऊन काढलं आहे, केसेस अंगावर घेतल्या आहेत. पण मुंबईच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवला तर तो दिसत नाही. त्याचं कारण आपल्या भागाच्या पाण्यात शोधू नका. मुंबईत १८५० च्या दशकापासून गिरण्या. इथं निजामाचं राज्य. १९२६ चा ट्रेड युनियनचा कायदा ब्रिटिश इंडियाचा, तो इथल्या कामगाराला लागू नव्हता. एमआयडीसीच १९६२ ची. मागास भागात कारखाना काढा, सवलत घ्या, ही योजना १९६४ ची. बजाजची वाळूजची फॅक्टरी १९८५ साली आली. म्हणजे मुंबईतला गिरणी कामगार संपात मोडून पडला, त्याच्यानंतर आपल्याकडं फाटकं उघडली. मालक तिकडून शिकून आला होता. कायम कामगार थोडा, ठेक्याचा जास्त. एका फाटकातून आत जाणारी माणसं चार ठेकेदारांच्या नावावर. शेजारी शेजारी यंत्रावर उभे, पण कागदावर एकमेकांचे कोणी नाहीत. ह्यांना एकत्र बाहेर काढायचं कसं? आकडा कमी आहे तो ह्यामुळं.

आता मुंबईचं बघू. कारण मुंबईच्या आकड्याची आरती करणारेही आहेत, आणि मला तीही आरती करायची नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्या साली देशभर मिळून ७ कोटी ४६ लाख मनुष्यदिन ‘वाया गेले’ आणि त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा एकट्या मुंबईच्या गिरण्यांचा. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लाखावर माणसांना नोकरी परत मिळाली नाही. आज त्या जागांवर टॉवर आहेत, मॉल आहेत.

पण दोस्तहो, आकड्यात एक दिवस म्हणजे एक दिवस. कोकणातल्या किंवा साताऱ्यातल्या ज्या कामगाराचं गावाकडं चार बिघे होतं, तो एसटीत बसून गावी गेला, भाताला-ज्वारीला हात लावला, वर्षभर तगला. आपल्या माणसानं कुठं जायचं? गावकुसाबाहेरच्या घराला परसही नाही. ज्या गावातून पळून बीडीडी चाळीत आलो, त्या गावात परत जाऊन कुणाच्या बांधावर उभं राहायचं? त्याच्या संपाचा एक दिवस आणि आपल्या संपाचा एक दिवस सरकारच्या वहीत सारखे. चुलीपुढं सारखे नाहीत. बदली कामगारालाही विचारा. वर्षानुवर्ष गेटवर उभं राहायचं, कुणी कायमवाला आला नाही तर आत; नाहीतर घरी. बदल्यांना कायम करा ही मागणी त्या संपात होती. पण संपाच्या आधी जे हजारो दिवस बदलीवाला गेटवरून परत आला, ते दिवस कोणत्या वहीत होते?

बाबासाहेबांनी हे सगळं आपल्या कितीतरी आधी ओळखलं होतं. लोक त्यांची एक बाजू सांगतात, दुसरी गाळतात. डावे सांगतात त्यांनी १९२९ चा संप मोडायला लावला. आपले भाट सांगतात त्यांनी कामगारांना आठ तास दिले, आणि हात जोडून मोकळे होतात. तीन सालं एकापुढं एक ठेवा, मग कळेल.

१९२८. मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप. त्या साली देशाचा आकडा ३ कोटी १६ लाख दिवस. त्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं. आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! म्हणून जिथं पगार जास्त, त्या खात्याचं दार बंद. हे दार मालकानं बंद केलं नव्हतं. कामगारानं कामगारासाठी बंद केलं होतं. बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं, ह्या अन्यायाविरुद्धची मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर माझ्या माणसांना मी संपात राहा म्हणून सांगणार नाही. तेव्हा कुठं नाखुषीनं ती मागणी यादीत गेली. मालकांनी काय म्हणावं? हा अन्याय असला तरी तो आमचा नाही! खरंच होतं की. मालक हसले, आणि त्यांना हसायची जागा आपल्याच ‘वर्गबंधूं’नी दिली होती.

१९२९. पुन्हा संप. आधीच्या संपानं कामगार कर्जात बुडालेला. बाबासाहेबांनी विरोध केला. उपाशी माणसाला पुन्हा उपाशी ठेवून कुणाचं राजकारण शिजणार, हा त्यांचा सवाल होता.

१९३८. फेब्रुवारीत मनमाडला, आपल्या औरंगाबादच्या लाईनवरच्याच मनमाडला, जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद. तिथं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि नुसते मोठे शब्द नाही बोलले. आपला माणूस जन्मभर गँगमनच का राहतो आणि पोर्टर का होत नाही, तेही सांगितलं. स्टेशनमास्तर पोर्टरला घरची कामं लावतो. मग अस्पृश्य पोर्टर घरात कसा घेणार! त्याच सालात मुंबईच्या काँग्रेस सरकारनं औद्योगिक तंट्याचं बिल आणलं. सलोख्याची बोलणी होईपर्यंत संप बेकायदा, संप केला तर तुरुंग. तेव्हा जो माणूस १९२९ ला संपाच्या विरोधात उभा होता, तोच ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाच्या संपाच्या आघाडीला उभा राहिला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर. कायदेमंडळात त्यांनी मांडलं ते मूळ असं की संप फार तर करार मोडणं आहे, गुन्हा नाही. माणसाला मनाविरुद्ध काम करायला लावलं तर ती गुलामी झाली. म्हणून संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क.

तीन सालात तीन भूमिका दिसतात, पण सवाल एकच आहे: ह्या बुडालेल्या दिवसांत आमचे किती, आणि मागण्यांच्या यादीत आमचं काय? ज्या संपात आमचं पोट जातं आणि आमच्या तोंडाचा विटाळ तसाच राहतो, तो संप तपासून घ्या. पण संप करायचा हक्कच कुणी काढून घेत असेल, तर सगळ्यात पुढं उभे राहा. कारण तो हक्क गेला तर पहिली गुलामी आपल्याच वाट्याला येणार, ती आपल्या ओळखीची आहे.

आणि तसंच झालं. १९३८ चं बिल कायदा झालं. त्याच्याच वंशातला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यात एका धंद्याला एकच मान्यताप्राप्त युनियन. गिरणीत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कामगाराला पटो न पटो. म्हणून १९८२ चा संप पहिल्या दिवसापासून बेकायदा. बाबासाहेबांनी १९३८ ला ज्या दोरीकडं बोट दाखवलं, तीच दोरी ४४ वर्षांनी अडीच लाख गळ्यांत पडली. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सगळ्याच कारखान्यांत १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय संप नाही. आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी मिळून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं म्हणून एखाद्या शॉपमधल्या निम्म्या पोरांनी मिळून रजा टाकली तर काय म्हणायचं, ते आता साहेब ठरवणार. ही संहिता आली तेव्हा आपल्या किती संघटनांनी ती वाचली? बॅनरवर फोटो कुणाचा मोठा, ह्यावर मात्र आपण मुडदे पाडू.

तिसरी गोष्ट, खाडा.

संपाचा दिवस वहीत जातो, मग खाडा कुठं जातो? बीडच्या माणसाला विचारा. दसऱ्या-दिवाळीला गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हात बांधलेले. वंजारी आहेत, बंजारा आहेत, आपले बौद्ध-मातंग आहेत. एक दिवस कामाला गेलं नाही की तो खाडा. नुसती त्या दिवसाची मजुरी बुडत नाही, वरून दंड, दिवसाला पाचशेच्या घरातला. ताप आला, खाडा. बाळंतीण झाली, खाडा. पाळी आली, पोटात कळा आल्या, खाडा. मग बाई काय करते? खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढून टाकते. २०१९ साली ह्यावर ओरड झाली, सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून अधिक बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या.

हा आकडा नीट वाचा. मुंबईच्या वहीत दिवस वाया गेला तर मालक रडतो आणि सरकार नोंद करतं. आपल्या बाईनं दिवस वाया जाऊ नये म्हणून अंगातला अवयव दिला, आणि त्या भागाच्या नावापुढं लिहिलं, शांत.

खाड्याचा हा दंड काही फक्त मुकादमाची गुंडगिरी नाही. १९३६ च्या पगार कायद्यात लिहिलं होतं, दहा किंवा जास्त कामगार मिळून नोटीस न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. वहीत नोंद व्हायलाही दहा, आणि दंड व्हायलाही दहा. एक दिवस अंग काढलं की आठ दिवस घ्यायचे, हे मुकादमाला कुणी शिकवलं ते कळलं ना?

पण त्याच ऊसतोड कामगारानं हंगामाच्या तोंडावर कोयता खाली ठेवला की काय होतं तेही बघा. जानेवारी २०२४ ला तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवून द्यावे लागले. उचल घेतलेला, हात बांधलेला माणूस हे करू शकतो. शहरातही बघितलंय आपण. फेब्रुवारी २०१८ ला नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि अख्खं औरंगाबाद कित्येक आठवडे नाक धरून फिरत होतं. त्या दिवसांत साहेबांना समजलं की कचरा रोज कोण उचलतं. एरवी त्या कामाला हलकं म्हणायचं, आणि ते थांबलं की लगेच ‘अत्यावश्यक सेवा’, लगेच मेस्मा. हलकं आहे तर अत्यावश्यक कसं, आणि अत्यावश्यक आहे तर पगार इतका हलका कामून?

आता आपल्या घरचं बोलू. कडू लागेल, लागू द्या.

१९३६ ला बाबासाहेबांनी पहिला पक्ष काढला तो मजूर नावानं काढला. १९७३ ला पँथरनं जाहीरनामा काढला, त्यात दलित म्हणजे कोण हे सांगताना कामगार, भूमिहीन, शेतमजूर, बाया सगळे आत घेतले. आणि आज? जयंतीची वर्गणी कंपनीच्या ठेकेदाराकडून घ्यायची, आणि त्याच ठेकेदाराकडं राबणाऱ्या वस्तीतल्या पोराचा पीएफ कुठं गेला म्हणून विचारायचं नाही. डीजे कुणाच्या पैशानं वाजतो ते कळलं की ठेकेदाराच्या गेटवर शांतता का असते तेही कळतं. ही शांतता आपण विकलेली आहे. थोडी थोडी, वर्गणीच्या पावतीवर.

कोणी म्हणेल, संप भरल्या पोटाचं काम आहे, आपल्याला परवडत नाही. असं म्हणणाऱ्यानं आपलाच इतिहास वाचावा. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. भरल्या पोटाची होती का ती? त्यांनी रोज बुडवून तुरुंगातले दिवस काढले. कोणत्या ब्यूरोनं मोजले? १९७८ ला २७ जुलैला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचीराम कांबळेला जाळलं. गावंच्या गावं सोडून माणसं पळाली, परत आली तर बहिष्कार, शेतात काम नाही, पिठाच्या गिरणीत दळण नाही. एका नावासाठी किती हजार मजुरांचे किती दिवस गेले? १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचं नाव लागलं, ते त्या न मोजलेल्या दिवसांच्या पैशातून लागलं आहे. तेव्हा आपल्याला परवडत नाही असं म्हणू नका. आपण आयुष्यभर दिवस बुडवतच आलोत. फरक एवढाच की ते कुणी मोजले नाहीत, आपणही मोजले नाहीत.

म्हणून एक काम सांगतो. मोर्चाइतकं दिमाखदार नाही, फोटो निघणार नाही त्यात. दोनशे पानी वही घ्या. वस्तीत घरोघर जा. लिहा: कोण, काय काम, कुणाकडं, कोणता दिवस गेला, कशानं गेला. नाक्यावर काम मिळालं नाही. ठेकेदार बदलला. गेटपास काढून घेतला. मुकादमानं खाडा मांडला. गटारात उतरून आजारी पडला. गावात बहिष्कार. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसची तारीख. ही शेवटची ओळ ठळक लिहा. तारखेला जायचं म्हणजे रोज बुडतो, आणि वर्षानुवर्ष तारखा पडतात. फिर्यादी थकतो, साक्षीदार फुटतो, आरोपी सुटतो. १९९५ च्या अ‍ॅट्रॉसिटी नियमांत नियम ११ आहे: पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च द्यायचा आणि किमान वेतनाइतका तरी रोजचा निर्वाहभत्ता द्यायचा. तुमच्या तालुक्यात किती जणांना मिळाला? वहीत लिहा आणि कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा. उपकार मागायला जाऊ नका. तो आपला बुडालेला रोज आहे.

एका वस्तीची सहा महिन्यांची वही भरली की तुमच्या लक्षात येईल, कोणत्या ठेकेदाराकडं आपले किती दिवस जातात. एकटी-दुकटी वाटणारी माणसं एकाच नावाखाली गोळा झालेली दिसतील. कागदावर ज्यांना एकमेकांपासून तोडलं, ती कागदावरच पुन्हा जोडायची. दहा भरले की मग बोलणी करायची. मातंग वस्तीतली वही, मुसलमान मोहल्ल्यातली वही, बंजारा तांड्यावरची वही शेजारी ठेवायची. आणि कुणी युनियनवाला आला, चला संपात, तर बाबासाहेबांचा १९२८ चा सवाल विचारायचा: भाऊ, यादीत आमचं काय आहे? समाधान झालं तर त्याच्याही पुढं उभं राहायचं.

खाडा एकट्याचा असतो, म्हणून त्याचा दंड होतो. तोच दहा जणांनी, शंभर जणांनी ठरवून, हिशेब मांडून केला की त्याला संप म्हणतात. मग त्याची नोंद शिमल्याच्या वहीत होवो न होवो.

पुढच्या अंकापर्यंत आपल्या वस्तीची वही सुरू करा. पहिलं पान भरलं की आमच्याकडं नक्कल पाठवा. कविता मागाहून छापू, आधी हे आकडे छापू.

जयभीम.